मोजून चार माणसं

खट्.

सकाळचे सहा वाजलेले, घर गाढ झोपेत, आणि हॉलमधून तो आवाज. थोड्या वेळाने पुन्हा, खट्. तिने डोळे न उघडताच ओळखलं की नवरा स्टेपलर चालवतोय. इतर माणसं प्रवासाला निघताना बॅगेत कपडे भरतात. हा फायलीत कागद भरत होता.

नवरा गोदाम-तपासनीस होता. मोठमोठ्या गोदामांत जायचं, खोकी मोजायची आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायची, हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्याच्या मोजणीत एक खोकं इकडचं तिकडे झालं नव्हतं. आपली मोजणी कधी चुकत नाही, हे त्याने लग्न ठरवताना पहिल्याच भेटीत तिला सांगितलं होतं. त्या भेटीत आणखी काही बोलल्याचं तिला आठवत नाही.

"तीन दिवस, सहा चौक्या, चार माणसं," चहा पिताना तो म्हणाला. "प्रत्येक थांब्यानंतर मी डोकी मोजणार. चार भरली की गाडी सुटणार. गोंधळाला जागाच नाही."

"आणि मी काय करायचं?"

"तू फक्त बसायचं."

ती बसली. मागच्या सीटवर ती आणि चार वर्षांची मुंगी, पुढे सासूबाई, आणि स्टिअरिंगवर तो. पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी रस्ता सरहद्दीच्या डोंगरांत शिरला आणि दर दोन वळणांनी माणसं बदलायला लागली. टोप्या वेगळ्या, भाषा वेगळी, दुकानाच्या एकेका पाटीवर चार-चार लिप्या. एका गावात हात हलवून "या" म्हणायचे, पुढच्या गावात तोच हात तसाच हलवून "चालते व्हा" म्हणायचे. नवरा दोन्हीकडे थांबला, आणि दोन्हीकडून निघताना त्याने डोकी मोजली. चार.

चौथी चौकी घाटाच्या तोंडाशी होती. नवरा फाईल घेऊन चौकीच्या खिडकीपाशी गेला. सासूबाई गाडी लागू नये म्हणून गोळी घेऊन झोपल्या होत्या. ती मुंगीला म्हणाली, "दोन मिनिटांत येते हं," आणि शाल सीटवर टाकून चौकीमागच्या संडासाकडे गेली. संडासाची किल्ली एका लाकडी ओंडक्याला साखळीने बांधलेली होती. तो ओंडका काखेत मारून कुलूप उघडायचं, मग तो कुठे ठेवायचा याचा विचार करायचा, यात दोनाची सात मिनिटं झाली.

ती बाहेर आली तेव्हा गाडीच्या जागी एक कोंबडी उभी होती.

आधी तिला वाटलं, गाडी सावलीत लावली असेल. मग तिने फाटकापलीकडे पाहिलं. घाटाच्या पहिल्या वळणावर धूळ खाली बसत होती.

झालं होतं ते असं. (हे तिला नंतर मुंगीकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं.) पुढच्या गावी जायला वाहनाची वाट बघणारी एक मधमाश्या पाळणारी बाई गाडीच्या काचेपाशी आली. मुंगीने दार उघडलं. बाईला थंडी वाजत होती, म्हणून मुंगीने तिला आईची शाल दिली. आपलं दुसऱ्याला द्यावं, हे आईनेच शिकवलेलं. बाईला वाटलं, किती भली माणसं, आणि ती शाल डोक्यावरून घेऊन बसली. नवरा शिक्का मारलेले कागद घेऊन आला. आरशात दोन डोकी, शेजारी एक, स्वतः एक. चार. गाडी सुटली.

"बाबा, आई नाही आली," मुंगी म्हणाली.

"आई झोपलीय. तिला उठवू नकोस."

मुंगीने हे तीनदा सांगितलं, आणि तीनदा तिला हेच उत्तर मिळालं.

इकडे ती खिडकीशी गेली. आत मोठी नोंदवही उघडून एक वहीवाले बसले होते. तिची भाषा ते शाळेत शिकलेले असावेत, कारण एकेक शब्द परीक्षेत लिहिल्यासारखा बोलत.

"माझी गाडी मला टाकून पुढे गेली," ती म्हणाली. "मला पलीकडे सोडा किंवा त्यांना थांबवा."

वहीवाल्यांनी तिचं नाव विचारलं आणि वहीवरून बोट फिरवलं. "बाई, आपण पुढे गेला आहात."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"ते मला दिसते आहे. परंतु वहीत चार आले, चार गेले. मी स्वतः मोजले."

म्हणजे एक मोजणारा पुरला नव्हता म्हणून देवाने दुसरा बसवला होता. तिचा आवाज चढला. "अहो, ती चौथी मी नव्हते."

"मग आपण कोण?"

"चौथी."

वहीवाल्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शांतपणे समजावलं. जो पुढे गेला, तो इथे असू शकत नाही. असायचा असेल तर तो परत आला पाहिजे. परत आल्याची नोंद करायला ओळखपत्र पाहिजे. ओळखपत्र फायलीत, फाईल गाडीत. नाहीतर तिला ओळखणारे दोन साक्षीदार. आणि फाटक चार वाजता बंद होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडतं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मुंगी तिचा कान मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. जन्मल्यापासून एक रात्र नाही. आज कुणाचा कान धरणार होती ती, त्या अनोळखी चौथीचा?

"फोन करा नवऱ्याला," मागच्या रांगेतून कुणीतरी सुचवलं. तिचा फोनही गाडीत होता. वहीवाल्यांनी टेबलावरचा फोन पुढे सरकवला. तिने रिसीव्हर उचलला आणि तिच्या लक्षात आलं की नवऱ्याचा नंबर तिला पाठ नाही. आईकडचा नाही, बहिणीचा नाही. तिला जगात एकच नंबर पाठ होता. मुलांच्या डॉक्टरांचा.

तिने तो फिरवला.

"बोला, दवाखाना," रिसेप्शनच्या बाईंचा कंटाळलेला आवाज आला.

"मी मुंगीची आई बोलतेय."

"आता काय गिळलं तिनं?"

"काही नाही. मी कोण आहे हे जरा या साहेबांना सांगाल का?"

वहीवाल्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून बाई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. "हो, ओळखते ना. झोपेत ओळखीन. नंबर लागायच्या आधी आत शिरणारी हीच. पोरीनं बटण गिळलं, खोडरबर गिळलं, नाकात वाटाणा घातला, दर वेळी ही भांडून गेली. काय केलं तिनं?"

"एक साक्षीदार," वहीवाले लिहीत म्हणाले.

बाईंनी कार्डावर बघून नवऱ्याचा नंबरही दिला. तो लावला तर घाटात रेंज नव्हती. साडेतीन वाजले. आता तिचा संयम सुटला. शिक्के मारणारी माणसं, मोजणारी माणसं, मागे वळून न बघणारी माणसं, या सगळ्यांबद्दल तिला जे वाटत होतं ते तिने एका दमात सांगितलं. रांगेतला एकजण त्याचं भाषांतर करी, दुसरा त्या भाषांतराचं भाषांतर करी, आणि मागे माना डोलत. ती थांबली तेव्हा रांगेतला मेंढरंवाला पुढे आला आणि काहीतरी बोलला.

"हा म्हणतो, मी हिला ओळखतो," वहीवाल्यांनी सांगितलं.

"हा? कसा काय?"

"म्हणतो, अर्धा तास ऐकतो आहे. एवढे मी माझ्या सख्ख्या बायकोला ओळखत नाही."

दोन साक्षीदार झाले. तिने परत आल्याची सही केली. खालच्या ओळीत पुन्हा पुढे गेल्याची सही केली. या सगळ्या प्रवासात ती जागची हललेली नव्हती. चार वाजायला दहा मिनिटं असताना फाटक तिच्यासाठी वर गेलं, आणि पलीकडून तिचीच गाडी धूळ उडवत आली.

नवरा उतरून धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"एक कमी आला," तो धापा टाकत म्हणाला. "पुढच्या गावात ती बाई उतरली, मी मोजलं, तर तीनच."

सासूबाईंच्या कानावर जाईल अशा ठिकाणी ती त्याला नेहमी "अहो" म्हणत असे. आज ती म्हणाली, "तू मला शोधायला आलास की आकडा पुरा करायला?"

"अगं, मोजणी चुकली नव्हती. चारच होते."

"चार कोण होते?"

या प्रश्नाची त्याला सवय नव्हती. गोदामात खोकी उघडून बघायचं काम दुसऱ्या खात्याकडे असतं. त्याने गाडीच्या मागच्या सीटवरून एक बरणी काढली. "त्या बाईने मध दिला. आपल्यासाठी."

"वा. बायको देऊन मध आणलास."

तेवढ्यात पुढच्या सीटवर सासूबाईंना जाग आली. त्यांनी खिडकीबाहेर चौकी बघितली, फाटक बघितलं. "काय गं, अजून इथेच? मला वाटलं तासभर तरी गाडी चालली. आणि तू का एवढी लाल झालीयस?"

"काही नाही आई. उन्हाने."

गाडी सुटण्यापूर्वी नवऱ्याने या वेळी मागे वळून, एकेकाच्या तोंडाकडे बघून मोजलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. वहीवाल्यांनीही खिडकीतून मोजलं. फाटक मागे बंद झालं.

घाट चढायला लागला. मुंगी तिच्या मांडीवर आली आणि तिने आईचा कान मुठीत धरला. तिचा राग त्या मुठीएवढा लहान झाला. जाऊ दे, ती मनात म्हणाली, परत तर आला. पुढे नवराही जरा सैलावून बसलेला दिसला.

मुंगी बराच वेळ विचार करत होती.

"आई," ती म्हणाली, "ती मधवाली काकू उतरलीच नसती, तर बाबा तुला घ्यायला आले असते?"