विनोदिनीकाकीची किंकाळी

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर गोष्ट अर्धीच कानात जाईल आणि उरलेल्या अर्ध्यात डोळा लागेल. गोष्ट आपल्या पेडण्याकडची आहे, फार जुनी नाही, आणि तिच्यात एक खून आहे. पण मुलांना आत धाडू नका. खुनी फार गुणाचा होता.

नाताळच्या दिवशी सकाळी विनोदिनीकाकीच्या अंगणात बर्फ पडलं होतं. बर्फ सावरीच्या कापसाचं होतं आणि ते जुनी गादी उसवून काढलेलं होतं. दारावर कागदी नक्षत्र टांगलं होतं. हा सगळा पराक्रम गौरेशचा. गौरेश एरवी लग्नांचं चित्रीकरण करायचा. आता तो सिनेमा काढत होता. सिनेमाचं नाव ‘सांता आला कोयता घेऊन’. त्यात एक सांता घरोघर जाऊन लोकांना मारत सुटतो.

अशा सिनेमाला ख्रिस्ती घर हवं. पण ज्यांच्या घरी खरा नाताळ होता त्यांना त्या दिवशी मरायला वेळ नव्हता. मग गौरेशला आईची मैत्रीण आठवली. विनोदिनीकाकीचं घर मोठं, आणि आत माणूस एकच. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा सुदेश बोटीवर. तो रविवारी फोन करायचा, पण समुद्रात रेंज अशी की अर्धा वेळ दोघंही नुसतं “आयकू येता मां?” विचारत. डावीकडचं घर मुंबईला गेलं होतं, उजवीकडचं म्हापशाला. दोन्ही दारांना कुलपं. दिवसभरात काकीशी बोलणारा एकच, सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, विकणारा पोदेर, आणि तोही भोंगाच जास्त वाजवायचा.

गौरेशने तिला गोष्ट समजावून सांगितली होती. “काकी, तू पयली मरतंस. सांता येता, दार ठोठावता, तू दार उघडून किंकाळी मारतंस, की झाला.”

“किती वेळ लागात?”

“सगळो दिस जायत गो. माणसां चार, चाय-पाणी...”

“सगळो दिस?” काकीने पुढचं ऐकलंच नाही. आदल्या संध्याकाळीच नारळ खवून ठेवला.

सांता होता अभिजीत. मूळचा कोल्हापूरकडचा, इथे कारखान्यात कामाला. छाती अशी की भाड्याने आणलेल्या लाल डगल्याचं एक बटण पहिल्याच श्वासाला उडालं. हातात चंदेरी रंग दिलेला लाकडी कोयता. कॅमेरा, रंगभूषा आणि ओरडणाऱ्याला गप्प करणं, ही सगळी कामं गौरवीकडे. ती गौरेशची मामेबहीण.

“चला! काकी, भितर जा. ॲक्शन!”

सांताने दार धडाधडा ठोठावलं. दार उघडलं. कोयता वर गेला. आणि काकीचा चेहरा असा उजळला की गौरवीला प्रकाश कमी करावा लागला.

“ये रे पुता! उन्हात उभो कशाक? भितर ये, वायच बस.”

“कट! काकी, बोलूचा नाय गो! तो तुका मारूक इलोसा!”

“असांदे. पण दारात इल्लो मा?”

पुन्हा. या वेळी काकी बोलली नाही. ओठ घट्ट दाबून तिने दार उघडलं, सांताने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि ती कळवळून म्हणाली, “वाणो! वाणो भायर काढ रे, देवघर हा समोर!”

सांताने निमूट बूट काढले. आता खुनी अनवाणी.

“काकी,” गौरेश पायरीवर बसला, “तुका भय कशाचाच वाटणा नाय?”

देवळातल्या सप्ताहाला काकी पहिल्या रांगेत बसायची. कीर्तनकारबुवांनी एकदा उत्तररंगात टाळ थांबवून म्हटलं होतं, की देव दारात येतो तो आपल्या रूपात येत नाही, सोंगात येतो. ज्याने सोंग पाहून दार लावलं, त्याने देवाला परत पाठवलं. सगळी सभा हळहळली होती. काकीने ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं, आणि मग दारात कोणी आलंच नाही. आज आलं होतं. दाढी लावून, कोयता घेऊन आलं असेना का!

“एक घोट चाय घेऊन करूया,” ती म्हणाली. “पोराचा तोंड सुकला.”

अभिजीतने चहा घेतला. कापसाच्या दाढीने त्याच्या आधी घेतला. हनुवटीपासून छातीपर्यंत दाढी तांबूस झाली आणि एका बाजूने लोंबायला लागली.

“ही सुकेपर्यंत काय करायचं?” गौरेशने कपाळाला हात लावला.

“जेवायचं की!” अभिजीत म्हणाला. “आज्जी, वास लई भारी सुटलाय वो.”

जेवण असं झालं की वर्णन करत बसलो तर तुम्ही उठून स्वयंपाकघरात जाल. उकडा भात, मोडाच्या मुगाच्या मुगागाठी, नीरफणसाचे काप, आणि गुलाबी गर्द सोलकढी. अभिजीत कढी वाटीने नाही, तांब्याने प्यायला. काकी वाढत होती आणि बोलत होती. सुदेशच्या लहानपणीच्या खोड्या, नवऱ्याची पानाची सवय, शेजाऱ्यांची मांजर. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होत गेला, जशी खूप दिवसांनी उघडलेल्या नळाला आधी खरखर आणि मग धार येते.

हात धुऊन गौरेश उठला. “गौरवी, आता खून करूया. रगताची बाटली हाड.”

गौरवी स्वयंपाकघरात गेली आणि रिकामी बाटली घेऊन आली. “दादा, रगत संपला.”

“संपला? कोणे सांडला?”

रक्त म्हणजे कोकमाचं आगळ, सोलकढीत घालतात तो दाट रस होता. बाजारातला लाल रंग परवडत नव्हता आणि आगळ गौरेशच्या आईने घरी काढलेलं. काकी दारात येऊन म्हणाली, “ती बाटली? मिया म्हटलंय, आवशीन माका धाडल्यान. बरा दाट आगळ होता. तुमीच प्यालात मा सगळा!”

अभिजीतने ढेकर दिली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“मेलेला माणूस आपलाच रगत कढीत घालून खुन्याक वाढता,” गौरेश आभाळाकडे बघत म्हणाला. “असो सिनेमा अजून कोणी काढूक नसतलो.”

“मग एक तरी किंकाळी दे गो काकी,” गौरवी म्हणाली. “नुसती तोंडाची. रगताचा बघूया मागसून.”

काकीने खरंच मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, पदर आवळला, श्वास घेतला. जो आवाज निघाला त्याने कोंबडीसुद्धा हलली नाही. “खूप दिस झाले रे मोठ्यान बोलाक,” ती ओशाळून म्हणाली. “आणि ओरडलंय तर शेजारी धावत येतले...” मग तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि वाक्य तिथेच ठेवलं.

ऊन उतरलं. डगला त्याच संध्याकाळी म्हापशाला परत द्यायचा होता. गौरेशने हात झटकले. “जाऊंदे. पयलो खून रद्द. आवरा.” दिवे उतरले, वायरी गुंडाळल्या, कापूस पोत्यात गेला. काकी तेवढ्यात दोनदा विचारून गेली, “अजून एकदा करून बघूया काय? आता ओरडतंय.” कोणी नीट ऐकलं नाही. घाईत होते सगळे.

शेवटी अभिजीत पायऱ्या चढून वर आला. कोयता त्याने कमरेला मागे खोचला होता, ओली दाढी खिशात. त्याने काकीच्या पायांवर डोकं ठेवलं. “येतो आज्जी. पोटभर जेवलो. आईची आठवण झाली.” आणि देवळातून निघताना गाभाऱ्याला पाठ दाखवत नाहीत, तसा हात जोडून तो एकेक पाऊल मागे मागे सरकत अंगणातून निघाला. काकी चौकटीला धरून उभी होती. हसायचा प्रयत्न करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू काही केल्या धरत नव्हतं.

अंगणाच्या टोकाला कॅमेरा तिवईवर तसाच चालू राहिला होता. बंद करायला गौरवी विसरली होती.

सिनेमा फेब्रुवारीत पेडण्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये दाखवला. अभिजीत काकीला स्वतः घेऊन आला, पुढच्या खुर्चीवर बसवलं. बराच वेळ लोक हसतच होते, कारण काकीच्या दारात बूट काढलेला खुनी सिनेमाभर अनवाणीच राहिला होता. आणि मग ते दृश्य आलं.

संध्याकाळचं अंगण. कॅमेऱ्याकडे पाठ करून लाल डगला एकेक पाऊल दाराकडे निघालाय. कमरेला कोयता. पावलं विचित्र पडताहेत, माणसाची पडत नाहीत तशी. आणि समोर चौकटीला धरून उभी एक म्हातारी. तिच्या डोळ्यांत असं काही, की हॉलमधल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. डगला जवळ जातो, आणखी जवळ, तिच्या पायांशी वाकतो. पुढे अंधार.

अख्खा हॉल किंचाळला. एक पोर रडायला लागलं. गौरेशने दुसरं काही केलं नव्हतं, निघतानाचं ते चित्रीकरण फक्त उलटं फिरवलं होतं.

मागून कोणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं, “बापरे, काय भियाली गो ती बाई!”

आणि त्या काळोखात एकटी काकी खुर्चीवरून अर्धी उठली होती. दोन्ही हातांनी अभिजीतची बाही धरून, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणत होती, “परत इलो! बघ मरे, परत इलो तो! गौरेशा, पुन्हा एकदा दाखव रे!”

गौरेशने पुन्हा दाखवलं. लोक पुन्हा किंचाळले. काकी पुन्हा हसली.

बस, एवढीच कथा. आता उठाल, घरी जाल. देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली, की पेडण्याकडच्या त्या विनोदिनीकाकीचीही आठवण काढा.