विगवाल्यांचे मामा-काका

"माझ्याकडे आलेलं टक्कल माझ्याबरोबरच जाणार!" विगवाले छातीवर हात मारून सांगत.

आणि खरंच, गावभरची टकलं या माणसाच्या पोटात सुखाने नांदत होती. दुकानाला पाटी नव्हती. गिऱ्हाईक मागच्या दाराने यायचं, आणि रस्त्यात भेटलं तर विगवाले त्याला ओळखही दाखवत नसत. प्रत्यक्ष बायकोलासुद्धा एक नाव कधी कळलं नव्हतं. सगळा धंदाच त्यावर उभा होता. एक डोकं उघडं पडलं असतं, तर बाकीची डोकी दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान शोधत फिरली असती!

मग नवा फोन आला. रंग जुळवायचा, भोवरा कुठे ते बघायचं, म्हणजे डोक्याचे चारी बाजूंनी फोटो हवेत. पण फोटो काढला की फोन भोचकपणे विचारायचा, "हे कोण?" आता खरं नाव कसं लिहिणार? विगवाल्यांनी नामी युक्ती काढली. बँकेतल्या साहेबांना केलं 'धाकटे काका', एका प्रसिद्ध गवयांना 'आतोबा' आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना 'मोठे मामा'. फोन कुणाच्या हाती लागला, तरी त्याला वाटणार, माणसाला गोतावळा फार!

फोनलाही तेच वाटलं.

एका दुपारी त्याने विचारलं, "कुटुंबाचे फोटो कुटुंबाला दाखवू?" खाली भलंमोठं निळं 'होय', आणि त्याखाली चष्मा लावूनही दिसू नये असं 'आत्ता नको'. 'कधीच नको' कुठेच नव्हतं! विगवाल्यांच्या अंगठ्याला विगाचा गोंद लागला होता. 'नको'कडे निघालेला अंगठा वाटेत 'होय'ला चिकटला. "छान!" फोन म्हणाला. पुढे काहीच झालं नाही, म्हणून विगवाले पुन्हा कामाला लागले.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक घरी चहाला आले. विगवाल्यांची बायको सरांच्याच शाळेत शिकवायची. पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होती, आणि सर गेले वर्षभर "बघू, विचार करू" यापुढे सरकत नव्हते.

"आपली कधी भेट नाही झाली!" आपल्या दाट केसांवरून हात फिरवत सर विगवाल्यांना म्हणाले.

"छे! कशी होणार!" विगवाले म्हणाले. कालच त्यांनी त्या केसांना कल्लेसुद्धा लावून दिले होते.

तेवढ्यात गप्प बसलेला टीव्ही आपणहून उजळला. सनईसारखं काहीतरी वाजू लागलं. 'आपली माणसं, सोनेरी क्षण!' आणि पडदाभर एक चकचकीत टक्कल.

"अहो, हे कोण?" बायकोने विचारलं.

"धा... धाकटे काका."

"तुम्हाला काका कुठे आहेत? मामंजी एकुलते एक!"

दुसरं टक्कल आलं. खाली नाव, आतोबा.

"आत्याच नाही, तर आतोबा कुठून आले?"

विगवाल्यांनी रिमोट उचलला. 'बंद का करता? कारण निवडा,' टीव्ही म्हणाला. त्यांनी हाताला येईल ते बटण दाबलं. फोटो आणखी मोठा झाला! आता 'मोठे मामा', पाठमोरे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. विगवाले सोफ्यावरून थेट टीव्हीमागे झेपावले, वायर उपटली आणि तिच्यासकट खाली बसले. पडदा काळा झाला.

"कुणाची डोकी आहेत ही?" बायकोने कमरेवर हात ठेवले.

"जीव गेला तरी सांगणार नाही!" जमिनीवरून विगवाले गरजले. चेहरा दिसलाच नव्हता. सरांनी आता मुकाट्याने चहा प्यायला असता, तर सगळं निभावलं असतं!

पण सरांची मघापासून चुळबुळ चालली होती. शेवटी त्यांना राहवेना.

"काय हो," ते कळवळून म्हणाले, "मागून मी इतका वाईट दिसतो?"

विगवाल्यांनी डोळे मिटले. बायकोने मात्र सरांचा कप पुन्हा काठोकाठ भरला.

"सर, त्या पर्यवेक्षिकेच्या जागेचं आपण काय म्हणत होतात?"

"तुमचंच नाव, बाई! उद्याच कळवतो. फक्त ही गोष्ट..."

"आमच्या घरातली गोष्ट बाहेर जात नाही, सर."

विगवाल्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच फोन वाजला. गडबडीत स्पीकरच चालू झाला. पलीकडे त्यांची धाकटी बहीण.

"दादा, अरे, मोठ्या मामांचे फोटो आत्ताच आले आम्हा सगळ्यांना! कोण रे हे? आमची कार्टी म्हणतेय, वर केस चढवले तर अगदी तिच्या हेडसरांसारखे दिसतील. खात्री करून घ्यायला तिने ते शाळेतल्या सगळ्या पोरींना पाठवलेत!"