बाथरूमचे दार उघडण्याची रीतसर पद्धत

घरातली कोणतीही वस्तू कधी बिघडत नसते. ती वापरण्याची पद्धत तेवढी बदलते. हे सत्य ज्याला उमगले, त्याच्या घरात प्लंबर, सुतार आणि वायरमन यांनी पाऊल ठेवण्याचे कारण उरत नाही. पण माणसे अजाण असतात. नळ ठिबकू लागला की ती नळाला दोष देतात आणि फोन शोधू लागतात.

इंजिनिअर तसे नव्हते. (ते इंजिनिअरही नव्हते. एका कचेरीत ते आवक-जावक नोंदवही सांभाळत. नाव शेजाऱ्यांनी ठेवले होते आणि का ठेवले, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.) चार वर्षांपूर्वी एका प्लंबरने साधा वॉशर बदलायचे इतके पैसे सांगितले की इंजिनिअरांनी त्याची पिशवी उचलून त्याच्याच हातात दिली आणि त्या दिवसापासून नेम धरला: घरातले प्रत्येक काम आपल्या हाताने. तापात असतानासुद्धा त्यांच्या उशाशी पाना असे. अशी निष्ठा हल्ली बघायला मिळत नाही, आणि ज्यांना मिळाली त्यांनी पुन्हा बघायचा आग्रह धरलेला नाही.

पहिला नळच घ्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि सुतळी वापरून तो असा बसवला की आता ठिबकत नाही. बंद करताना कोणीतरी स्वयंपाकघरातला नळ उघडा धरायचा, एवढेच. दारावरची बेल दाबली की ती वाजत नाही, बैठकीतला दिवा लागतो. त्यामुळे कटकट संपली आणि दिवसाउजेडी येणारे पाहुणेही संपले. भिंतीवरच्या फळीला डावीकडे उतार राहिला, तेव्हा घरात गोल वस्तू आणणे थांबले. खुर्ची अठ्ठेचाळीस ते एकावन्न किलो वजनाच्या व्यक्तीस पूर्ण सुरक्षित आहे. इंजिनिअरांच्या पत्नीचे वजन पन्नास. ते तिथेच राखण्याची जबाबदारी अर्थातच पत्नीची.

प्रत्येक दुरुस्तीनंतर इंजिनिअर एक परिपत्रक काढून त्या वस्तूशेजारी चिकटवत. चार वर्षांचा अहवाल असा: बिघाड त्रेचाळीस, दुरुस्त्या त्रेचाळीस, बाहेरचे कारागीर शून्य. सरळ झालेल्या वस्तू, नोंद नाही. सरळ झालेली माणसे, दोन. पैकी मुलगी वसतिगृहात राहायला गेली (तिथला नळ नुसता फिरवला की बंद होतो, हे तिला पहिला महिनाभर खरे वाटेना), म्हणजे शिल्लक एक.

ही शिल्लक म्हणजे पत्नी. माहेरी तिला धाकटी म्हणत. आपणही तेच म्हणू. धाकटीची कशाबद्दल तक्रार नसे. मिक्सर लावायचा तर फ्रिजचे दार उघडे ठेवायचे, इस्त्री करायची तर पंख्याकडे पाठ करायची, हे तिच्या अंगवळणी पडले होते. पण एके दिवशी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ताई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सहा वर्षांत दोघींची गाठ पडली नव्हती, आणि फोनवरचे बोलणे गुडघेदुखीच्या पलीकडे जात नसे.

"येते," ताई म्हणाल्या. "जमलं तर आठ दिवस राहीन. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी आहेच."

धाकटीला आठच्या आठ दिवस हवे होते. इतके हवे होते की तिने चार वर्षांत पहिल्यांदा एक मागणी केली.

"अहो, एकदाच. फक्त बाथरूमचं दार. समोरचा सुतार हाक मारली तर चार मिनिटांत येईल."

"अगं, तो येईल आणि दार सरळ करून जाईल," इंजिनिअर शांतपणे म्हणाले. "मग तू इतकी वर्षं जे शिकलीस, त्याचं काय करायचं?"

सुतार आला नाही. त्याऐवजी चौदा पानांची 'पाहुण्यांसाठी मार्गदर्शिका' तयार झाली.

ताई भर दुपारी आल्या आणि वीस मिनिटे दाराबाहेर उभ्या राहून बैठकीतला दिवा लावत राहिल्या. आत आल्यावर त्या खुर्चीकडे वळल्या, तेव्हा नवराबायको दोघेही एकदम आडवे धावले. (ताईंचे वजन सत्तर.) चहानंतर प्रशिक्षण झाले. ताईंनी मार्गदर्शिका चाळली, तीन ठिकाणी लाल पेनने खुणा केल्या आणि ती परत केली.

"धाकटे, हे घर आहे की परीक्षा केंद्र?"

"होतं गं सवयीनं."

"मला या वयात नको नव्या सवयी. उद्या दुपारची गाडी बरी."

धाकटी "बरं" म्हणाली आणि घासलेली कढई तिने पुन्हा घासायला घेतली.

सकाळी बॅग भरून ताई आंघोळीला गेल्या. गाडी एक वाजून दहा मिनिटांची होती. त्या दाराबाबत परिपत्रक क्रमांक सोळा स्पष्ट आहे: डावा खांदा लावून दार वर उचलावे, श्वास सोडावा, कडी उलट फिरवावी आणि मग ओढण्याऐवजी दाराला क्षणभर विसरून जावे. आंघोळ करून बाहेर येताना ताईंनी दार, इतर कुठलेही दार ओढतात, तसे ओढले. कडी हातात आली.

इंजिनिअरांनी आनंदाने रजा टाकली. टेप, गुण्या, पक्कड आणि पेन्सिल घेऊन ते दारासमोर बसले. धाकटी शेजारी पाट टाकून बसली. अशा वेळी काय करायचे, ते तिला माहीत होते. बाहेरून, खालच्या डाव्या कोपऱ्यात, टाचेचा एक हलका धक्का. हे परिपत्रकात नव्हते. परिपत्रक नवऱ्याचे होते आणि टाच तिची.

ती टाच पदराखाली घेऊन बसली.

"ताई, घाबरली नाहीस ना?"

"घाबरायचंय काय? बादली पालथी घालून बसलेय. तुमच्या खुर्चीपेक्षा भक्कम आहे."

"जरा हळू बोला," इंजिनिअर म्हणाले. "बिजागरीचा कोन काढतोय."

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. गुडघे संपले. मग दाराच्या आतून ताई म्हणाल्या, "आईचं जास्त झालं तेव्हा तू मला दोन दिवस उशिरा कळवलंस."

"हो."

"का?"

"तू आली असतीस आणि मला ओरडली असतीस."

आत बादली सरकल्याचा आवाज आला.

"ओरडलेच असते," ताई म्हणाल्या. "पण आले असते ना."

"चुकलंच माझं, ताई."

"रडू नकोस आता. पुसायचं कोणी? मी इथे अडकलेय."

दोघी एकदम हसल्या. इंजिनिअरांची रेघ वाकडी गेली आणि त्यांना पहिल्यापासून मोजावे लागले.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी धाकटी उठली. "जरा सरका हो," असे म्हणून तिने टाच मारली. दार उघडले. इंजिनिअरांनी वहीत लिहिले: दुरुस्ती क्रमांक चव्वेचाळीस, यशस्वी.

तिसऱ्या दिवशी ताईंनी पुन्हा बॅग भरली, तर बाहेरचे दार उघडेना. इंजिनिअरांनी तपासणी केली. कुलपाच्या आतली पट्टी कोणीतरी अत्यंत कुशलतेने उलटी बसवली होती. इतके सफाईदार काम आपल्याला चार वर्षांत साधले नाही, हे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले. चौथ्या दिवशी बॅगेची चेन अडकली. पाचव्या दिवशी टाकी गच्च भरलेली रिक्षा दाराशी येऊन उभी राहिली आणि सुरू होईना. रिक्षावाला बापडा शपथा घेत राहिला. त्या दुपारी ताईंनी धाकटीच्या कमरेला खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर पाहिला. त्यांनी बॅग उचलून पलंगाखाली सारली आणि डाव्या खांद्याने बाथरूमचे दार उचलण्याचा सराव सुरू केला.

"आज काय बिघडायचंय?" सातव्या दिवशी त्यांनी चहा ओतता ओतता विचारले.

"आज सुट्टी," धाकटी म्हणाली.

नवव्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू चालू होती. ताई गाडीत बसून गेल्या.

सुतार अजून समोरच बसतो. चार मिनिटांत येईल.

आपण मात्र या घराला हसलात. हरकत नाही. आपल्याही घरात एक नळ असेल, एखादी खिडकी, एखादे बटण, जे नव्या माणसाला जमत नाही. आणि कोणी तिथे अडकले की "थांबा, त्याची एक युक्ती आहे" म्हणत आपणच लगबगीने उठता. ते नीट करून घ्यायला फार पैसे लागणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि ते नीट झाले, तर घरातून आपल्याला हाक कोण मारणार, हेही ठाऊक आहे.