हवालदाराचा ताबा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धम्मदिना कामावर निघाली, तेव्हा तिचे वडील जानू, वय बहात्तर, पाणीखात्यातून निवृत्त झालेले चावीवाले, कुत्र्याच्या भाताची चव घेत होते. भातात मीठ पडलेले नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती. कुत्र्याला मीठ देऊ नये, अशी संस्थेची लेखी सूचना होती. जानूंनीही मीठ कमी खावे, अशी डॉक्टरांची सूचना होती, पण ती तोंडी होती.

कुत्रा शिहत्झू जातीचा होता, वजन साडेपाच किलो. पैदास करणारा राहनाळच्या एका गोदामाला कुलूप लावून निघून गेला, तेव्हा आत पिंजऱ्यांत अकरा कुत्री राहिली होती, त्यांतला हा एक. ‘चिमुकले पंजे’ नावाच्या संस्थेने त्यांची सुटका केली. गोदामाच्या दाराशी तीन गावठी पिल्लेही होती. पण संस्थेच्या घटनेत ‘लहान व विदेशी जाती’ असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे ती सुटकेला अपात्र ठरली आणि दाराशीच राहिली.

संस्थेने या कुत्र्याचे नाव मफिन ठेवले होते. ते जानूंच्या तोंडात बसेना. दिवसभर उंबऱ्यावर बसून तो जिन्यावरच्या रहदारीवर नजर ठेवतो, हे पाहून ते त्याला हवालदार म्हणू लागले.

दोन वर्षांपूर्वी दत्तकाचा अर्ज वडिलांच्या नावाने धम्मदिनानेच भरला होता. ती राहनाळच्याच एका गोदामात मालाच्या नोंदी पाहत असे. ड्युटी नऊ तासांची, आणि भिवंडीच्या रस्त्यांच्या कृपेने येण्याजाण्याचे दोन. वडिलांना सोबत होईल, हा तिचा हेतू. संस्थेच्या अर्जात मात्र सतरावा प्रश्न असा होता : ‘प्राणी दिवसातून किती तास एकटा राहील? चार तासांपेक्षा अधिक असल्यास अर्ज बाद.’ धम्मदिनाने लिहिले : ‘शून्य. वडील दिवसभर एकटेच घरी असतात.’ संस्थेने या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

“दिना, आज लवकर येशील का?” जानूंनी विचारले. हे ते रोज विचारत.

“बघते,” ती म्हणाली. हेही रोजचेच. जानू खोकू लागले आणि ती जिना उतरली.

त्याच दिवशी अकरा वाजता संस्थेचा मासिक पाहणीचा व्हिडिओ कॉल झाला. तीन वाजता वीज गेली, खालच्या मजल्यावरचे सिराजभाईंचे कापडाचे लूम थांबले, आणि त्या शांततेत सिराजभाईंच्या बायकोला, माजिदाला, हवालदाराचे भुंकणे ऐकू आले. तो केव्हापासून भुंकत होता ते कुणालाच सांगता आले नाही. जानू खुर्चीत बसलेले होते. हवालदार त्यांच्या चपलांवर बसला होता. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे लिहून दिले.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी जेवून गेल्यावर, संस्थेचे पत्र आले. ‘मफिनवर कोसळलेल्या दुःखात चिमुकले पंजे परिवार सहभागी आहे,’ अशी त्याची सुरुवात होती. करारातील कलम चौदानुसार दत्तक घेणारी व्यक्ती मृत झाल्यास प्राण्याचा ताबा आपोआप संस्थेकडे येतो. कुटुंबातील कुणाला तो हवा असल्यास नव्याने अर्ज करावा. रक्ताचे नाते विचारात घेतले जाणार नाही.

धम्मदिनाने पत्र दोनदा वाचले. तिच्या खोलीत तीन भिंतभर पुस्तके होती आणि माणसाच्या दुःखाविषयी त्यांत बरेच काही होते. कुत्र्याच्या दुःखात सहभागी होणारे पत्र तिने प्रथमच पाहिले. पण वडिलांचा शेवट पाहणारा घरात तेवढा एकच जीव होता, आणि तो तिला सोडवत नव्हता. तिने अर्ज मागवला. प्रश्न एकेचाळीस होते. सतराव्यापाशी तिने खरे तेच लिहिले : ‘अकरा तास.’

अर्ज तत्काळ बाद झाला. मात्र खाली उपाय सुचवला होता. अर्जदाराने आपल्या अनुपस्थितीत प्राण्याजवळ बसणारा मानवी सोबती नेमावा.

मानवी सोबती भिंतीपलीकडेच होता. मीराबाई मूळच्या पडघ्याकडच्या, वय अडुसष्ट. मुलगा नाशिकला, सून नाशिकला, नातू व्हिडिओ कॉलवर. नऊ वर्षे त्या शेजारी एकट्या राहत होत्या. जानूंजवळ घटकाभर बसायला त्यांना सांगावे, हे इतक्या वर्षांत धम्मदिनाला सुचले नव्हते. तसा प्रश्न कुठल्या अर्जात नव्हता.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी संस्थेच्या समन्वयक वनिता मॅडम गृहपाहणीसाठी आल्या. त्यांनी जिना मोजला. एकोणतीस पायऱ्या, लहान जातीच्या सांध्यांना हानिकारक. या पायऱ्या जानू गुडघ्याला पट्टा बांधून भाजीची पिशवी घेऊन रोज चढत, अशी माहिती धम्मदिनाने दिली. ती प्रस्तुत नसल्याने नोंदवली गेली नाही. मग मॅडमनी मोबाइलवर आवाज मोजला आणि त्यांचा चेहरा पडला. खालच्या लूमचा खडखडाट श्वानवर्गाच्या सहनमर्यादेबाहेर होता. त्यांनी सिराजभाईंना वर बोलावून घेतले आणि मफिनच्या विश्रांतीसाठी दुपारी दोन ते चार लूम बंद ठेवण्याची विनंती केली.

सिराजभाई जुन्या कोकणी घराण्यातले, बापजाद्यांपासून लूमवाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मॅडम, चाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले, “माझे कारीगर कान घालवून गावाला जातात. मीटर घेऊन आलेल्या तुम्ही पैल्याच.”

मॅडमना हे कौतुक वाटले. त्यांनी आभार मानले.

“जानूभाईंनी दोनदा सांगितलेलं,” सिराजभाई धम्मदिनाकडे वळून म्हणाले, “दुपारी जरा डोळा लागत नाय म्हणून. मी म्हटलं, जानूभाई, लूम हाय, बासरी न्हाय. हसले बिचारे.” मग त्यांनी कुत्र्याकडे पाहिले. “ठीक है. या भिंतीकडचे चार बंद ठेवतो. दोन ते चार.”

सोमवारपासून ते चार लूम दुपारी बंद राहू लागले. कारागिरांनी त्या वेळेला ‘कुत्ते का टाइम’ असे नाव दिले आणि तेवढ्यात ते सूत सोडवण्याचे काम उरकू लागले.

पाहणीत धम्मदिनाची झोपण्याची खोलीही आली. तिथे मॅडमनी पंख्याच्या रेग्युलेटरचा फोटो काढला.

“जानेवारीत पंखा पाचवर?”

“सवय आहे,” धम्मदिना म्हणाली.

“मफिनला गारठा बाधेल हो.”

धम्मदिनाने रेग्युलेटर दोनवर आणला. पलीकडच्या खोलीत जानूंची खाट होती. तिथून आता काहीच ऐकू येत नव्हते.

शेवटी सोबतीची मुलाखत. जेवण वेळेवर होते का, रात्री झोप लागते का, एकटेपणी घाबरायला होते का, हसून शेवटचे कधी बोललात, असे बावीस प्रश्न होते. सोबती उदास असेल तर ती उदासी कुत्र्याला लागू शकते, असे संस्थेच्या तज्ज्ञांचे मत होते. मीराबाईंनी लुगड्याचा पदर सावरला आणि चाळीस मिनिटे उत्तरे दिली. सुनेचेही आले, मोतीबिंदूचेही आले. त्या थांबल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

“बाय, ह्ये इतकं मला कुनी इचारलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “आमाला घेतात का वो तुमच्याकडं दत्तक? चार फूट आठ उंची हाय. लहानात बसंन ना?”

वनिता मॅडम मनापासून हसल्या. त्यांनी शेरा लिहिला : ‘सोबती खेळकर स्वभावाची. प्राण्यास पोषक. खोकला नाही.’

अंतिम सुनावणी रविवारी ऑनलाइन झाली. मफिनला त्याच्या खर्चाचे पैसे पाठवणारे नऊ दूरस्थ पालक होते. पुण्याचे, बंगळुरूचे, एक न्यू जर्सीच्या. ते कुत्र्याला कधी भेटले नव्हते, पण दरमहा त्याचा फोटो मिळत असल्याने त्यांचा जीव गुंतला होता. सगळे आपापल्या चौकटीत येऊन बसले. मफिनच्या दुःखासाठी एक मिनिट मौन पाळण्यात आले. त्या वेळात हवालदार धम्मदिनाच्या मांडीवर मागचा पाय वर करून अंग चाटत होता.

मग वनिता मॅडमनी मागील पाहणीचा, म्हणजे त्या मंगळवारचा, अहवाल वाचला. “खाणे उत्तम. केस चमकदार. पार्श्वभूमीला वृद्धाचा सततचा खोकला, श्वास अपुरा. मफिनच्या मनःस्वास्थ्यावर परिणाम संभवतो. उपाय : वृद्धास कॅमेऱ्यापासून दूर होण्यास सांगितले. अनुपालन झाले.”

पुरावा म्हणून त्यांनी चित्रीकरण लावले.

धम्मदिनाला ते असे लावतील अशी कल्पना नव्हती. पडद्यावर जानू आले. फोन उलटा की सुलटा याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी वाटी दाखवली, पाणी दाखवले, भातात मीठ नसल्याचे आपणहून सांगितले. मग खोकल्याची उबळ आली. थांबल्यावर ते काहीतरी बोलू लागले.

“मॅडम, आज जरा मला...”

“काका, थोडं बाजूला व्हा ना. मफिन दिसत नाहीये.”

“हो हो,” जानू म्हणाले. आणि बाजूला झाले. चौकटीच्या कडेला त्यांचा अर्धा खांदा आणि छातीवर दाबून धरलेला हात तेवढा राहिला. तिथे मॅडमनी चित्र थांबवले.

न्यू जर्सीच्या पालकांनी डोळे टिपले. “त्याचे कान बघा,” त्या म्हणाल्या. “त्या बिचाऱ्याला तेव्हाच कळलं होतं.” बाकीच्या आठ जणांनी कान पाहिले.

धम्मदिनाने खांदा पाहिला. इस्त्रीचा सदरा होता. पाहणीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालत, हे तिला माहीत नव्हते.

बंगळुरूच्या पालकांनी शंका काढली की, याआधी या घरात एकटे ठेवण्याचा काही पूर्वेतिहास आहे का. वनिता मॅडमनी कागद चाळले. “फक्त वडिलांचा आहे,” त्या म्हणाल्या. “प्राण्याच्या बाबतीत पाटी कोरी आहे. अर्जदारात दोष नाही.” मतदान झाले. नऊ विरुद्ध शून्य मतांनी धम्मदिना योग्य पालक ठरली.

एवढ्यात वनिता मॅडमच्या चौकटीत त्यांच्या मागे एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात गोळ्यांची पट्टी होती. कुठली कधी घ्यायची ते तिला विचारायचे असावे. मॅडमनी मागे न पाहताच हात हलवला. म्हातारी लगेच बाजूला झाली. तिला ते चांगले सरावाचे होते. नऊ चौकटींपैकी कुणाला त्यात काही वावगे दिसले नाही.

आता फक्त शपथ उरली होती. संस्थेचा तो रिवाज होता. नवा पालक सर्वांसमक्ष, मोठ्याने, दत्तक घेतलेल्या जीवाला वचन देतो. मजकूर आधीच पाठवलेला होता. धम्मदिनाने कागद समोर धरला.

“मी तुला चार तासांहून अधिक एकटं ठेवणार नाही,” तिने वाचले. “तू बोलावशील तेव्हा मी येईन. तुझा त्रास माझ्यापर्यंत पोचेल, आणि मी...”

तिने कागद खाली ठेवला. तिच्या मांडीवर हवालदार झोपी गेला होता.

“मॅडम, मफिनकडे बघून म्हणायचं असतं,” वनिता मॅडमनी आठवण केली. “एकच ओळ राहिलीय.”

धम्मदिना पडद्याच्या कडेला थांबलेल्या त्या अर्ध्या खांद्याकडे पाहत होती. नऊ चौकटी वाट पाहत होत्या. खालचे भिंतीकडचे चार लूमही ऐन वेळी बंद होते. दोन वाजून गेले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही रात्रभर खोकायचात ते मला ऐकू यायचं. ते ऐकू येऊ नये म्हणून मी पंखा पाचवर ठेवायचे.”