दामले सदुसष्टला सुटणार

दामले पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारत नाहीत, जन्मसाल विचारतात. ते सांगितलं की डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि निकाल देतात, "सदुसष्ट. गेनाऊ, अगदी बरोब्बर सदुसष्ट." म्हणजे जर्मन सरकार तुम्हाला त्या वयात पेन्शन देणार. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात पुण्याहून नवा मुलगा आला. एर्लांगेनमध्ये बस कुठे थांबते हे कळायच्या आत आपण निवृत्त कधी होणार हे त्याला कळलं होतं. माझ्या मुलीच्या बारशाला दामल्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि खेदाने म्हणाले, "हिच्या वेळेपर्यंत सत्तर करतील हो."

दामले आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. शैलजावहिनी साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पेन्शनची नोकरी कोण सोडतं, म्हणून त्या तिथे राहिल्या आणि इथलीही पेन्शन पदरात पडावी म्हणून दामले इथे. संसार डिसेंबरच्या सुट्टीत होतो. रविवारी बाल्कनीतून त्यांचा फोन आम्हाला ऐकू येतो. "वेतन आयोगाचं काय झालं तुमच्याकडे?" असं ते इतक्या हळुवारपणे विचारतात की आपण नको ते ऐकतोय असं वाटून मी आत जाते.

निवृत्तीचं वय पासष्टचं सदुसष्ट करायचं इथल्या सरकारने ठरवलं, तेव्हा दामल्यांनी घरात कुणी गेल्यासारखं तोंड केलं होतं. त्यात त्यांचं दुखणं दुहेरी. शाळेत नाव घालताना त्यांच्या वडिलांनी वय चांगलं दोन वर्षांनी कमी लावलं होतं आणि तारीख टाकली एक जून. हेतू हा, की पोरगा सरकारी नोकरीत लागला तर दोन वर्षं जास्त पगार खाईल. पोरगा लागला जर्मनीत.

"वडिलांनी माझं भलंच बघितलं," दामले म्हणायचे, "पण आल्झो, तर मग, त्या भल्यापायी मी दोन वर्षं जास्त राबणार."

शेवटी जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला त्यांनी पेन्शनच्या सल्ला कार्यालयात वेळ घेतली. पुरावा म्हणून गावच्या भटजींनी मांडलेली पत्रिका नेली आणि साक्षीदार म्हणून मला. माझा त्यांच्या जन्माशी काय संबंध, असं मी विचारलं. "तुम्ही नुसती मान हलवा," म्हणाले.

तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी पत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली. दामल्यांनी त्यांना सातव्या घरातला शनी अस्खलित जर्मनमध्ये समजावून सांगितला. मी मान हलवली. बाई म्हणाल्या, इथे नोकरी धरताना जी तारीख पहिल्यांदा सांगितलीत, तीच चालणार. शनीचा उपयोग झाला नाही.

दामल्यांचा चेहरा उतरला तशी त्या बाईंना दया आली असावी. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "पण तुम्ही एवढी काळजी का करता? हक्कासाठी पाच वर्षांची वर्गणी लागते, ती तुमची केव्हाच भरली आहे. उद्या भारतात परत गेलात तरी ती बुडत नाही. पुढे भरली नाहीत तर रक्कम कमी मिळेल, एवढंच. सदुसष्टपर्यंत इथेच थांबायला हवं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

जगाची निवृत्ती तोंडपाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसेना. दामल्यांनी पत्रिकेची सुरळी केली आणि बाईंचे आभार मानले.

बसस्टॉपवर आलो तोच वहिनींचा फोन. आज वेळ घेतलीय हे त्यांना माहीत होतं. दामले जरा पलीकडे सरकले, पण आवाज मुळातच मोठा.

"नाही जमलं, शैला. तारीख बदलत नाहीत. जा, जा, म्हणजे हो. सदुसष्टपर्यंत थांबावंच लागेल म्हणतात. त्याआधी निघालो तर सगळं बुडणार."

मग त्यांनी पलीकडचं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मला राग आला होता. "दामले, त्या बाई नेमकं उलट म्हणाल्या. वहिनींशी खोटं का बोललात?"

ते बस येते का ते बघत राहिले. बस दिसत नव्हती.

"इतकी वर्षं झाली, ती एकदाही 'या' म्हणालेली नाही हो," ते म्हणाले. "मीही कधी 'येऊ का' विचारलं नाही. आज म्हटलं, सगळं बुडतंय असं सांगून बघू. एकदा तरी म्हणेल, मरो ती पेन्शन, तुम्ही या."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, काही हरकत नाही. तब्येतीला जपा."