हिरव्या मोटारीच्या टाकीचे गंजहरण

श्री. तेल आणि अग्नी यांस एका ठायी नांदविणाऱ्या देवास नमन करून, दिसले तेवढेच लिहितो. शके १९४५, शोभननाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, दीड प्रहर दिवस चढला असता राजवाड्याच्या दारी हिरवी मोटार तीन आचके देऊन उभी राहिली. सुकाणूवर खुद्द आईसाहेब होत्या, वय एक्याऐंशी. साठ वर्षांमागे हीच मोटार हाकीत त्या सासरी आल्या होत्या, आणि आता तीच हाकीत घाटापलीकडे माहेरी एकवार जावे ऐसा मानस होता, आणि वैद्यांनी डोळे पाहून सांगितले होते की पौषापर्यंत रस्ता दिसेल, पुढचे सांगवत नाही.

मग गुलाब मिस्त्री यांस पाचारण जाहले, आणि त्यांनी टाकी उतरवून आत विजेरी धरली तो आत गंजाचा अंमल, तळाशी सुईच्या टोकाएवढी तीन छिद्रे. कारभारी त्र्यंबकराव म्हणाले, "छिद्रांस झाळ मारा आणि वाटेस लावा." मिस्त्री म्हणाले, "रावसाहेब, आत पेट्रोलची वाफ आहे. झाळ मारली तर मी शेजारच्या गावात सापडेन, आणि टाकी त्याच्या पुढच्या." आईसाहेब हसल्या आणि आज्ञा जाहली की मिस्त्री म्हणतील तैसे. मग साबणाच्या कढत पाण्याने टाकी तीनदा धुतली, आणि आत सायकलची साखळी सोडून, टाकी गोधडीत गुंडाळून चार हुजरे दोन प्रहर हलवीत बसले, आणि घमेलेभर गंज निघाला, आणि उरला तो आम्लाने खाल्ला, आणि सोड्याच्या पाण्याने आम्ल शमविले, आणि गरम वाऱ्याने सुकविता आतला पत्रा रुप्यासारखा उजळला. मग मिस्त्री जेवून आले आणि आतून छिद्रे बुजविणारे अस्तराचे रसायन ओतून टाकी सर्व अंगांनी फिरविली.

तिसरे दिवशी अस्तर दुधाच्या सायीसारखे सुटून आले. मिस्त्रींनी विचारिले, "मी जेवायला गेलो तेव्हा इथे कोण आले होते?"

"परका कोणी नाही, मीच," कारभारी म्हणाले. "या राज्यात नवे भांडे गंगाजलावाचून वापरात घेत नाहीत. पळीभर घातले."

"पळीभर?"

"तीन पळ्या. राजघराण्याची टाकी!"

"रावसाहेब, ओल्या पत्र्यास अस्तर धरत नाही हो."

आईसाहेब म्हणाल्या, "त्र्यंबक, पुण्य बाहेरून लाव रे. आत पेट्रोल राहू दे." इतुके बोलून त्यांनी वेशीवरची पाटी वाचू पाहिली, आणि वाचता आली नाही, आणि ते सर्वांनी पाहिले.

मग कारभारी यांनी अंगरखा उतरविला आणि सुटलेले अस्तर स्वहस्ते खरवडले, आणि नवे रसायन परमुलुखातून येण्यात तीन आठवडे गेले, आणि ते आल्यावर टाकी पुन्हा धुवून सुकविली, आणि या खेपेस कारभारी स्वतः टाकीपाशी पहाऱ्यास बसले. पाणी घेऊन येणारे राज्यात तेच एक होते, म्हणोन टाकी स्वतःपासूनच राखीत होते. रसायन ओतले, टाकी दर घटकेस कुशीवर वळविली, जास्तीचे निथळले, पाच दिवस हात लाविला नाही. मग टाकी चढवून पेट्रोल भरिले आणि खाली कोरा कागद अंथरिला. दुसरे दिवशी कागद कोरडा. गंगाजल बॉनेटावर शिंपडिले.

पौष शुद्ध द्वितीया, सूर्योदयानंतर दोन घटकांनी मोटार सुरू जाहली. मिस्त्री शेजारी बसले. "मिस्त्री, वेशीपाशी पांढरे ते काय?" "चुन्याची रेघ, आईसाहेब." "मग दिसते मला," म्हणोन त्यांनी गिअर टाकिला.

एकंदर हकीकत ऐसी: अस्तर दोनदा दिले, पैकी दुसरे धरले. तिसऱ्या प्रहरी घाटाच्या चौथ्या वळणावरील चहावाल्याचा निरोप आला की हिरवी मोटार वर गेली, आजीबाई हाकीत होत्या, मागे रस्त्यावर थेंब नव्हता. त्यापुढील वर्तमान लिहितेवेळेपर्यंत आले नाही.