मोघ्यांचा पिवळा पट्टा

मोघे मनगटावर घड्याळ बांधत नसत, पिवळा प्लास्टिकचा पट्टा बांधत. तांबड्या समुद्राकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या हातात अडकवतात, तो. लोक परतताना विमानतळावरच कापून टाकतात. मोघे मात्र तो दोन वर्षं मिरवत होते, टोकं चिकटपट्टीने जोडून. 'तुटला तरी मिरवणं सुटत नाही,' असं मी बायकोला म्हणायचो.

आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिप कारखान्यात आमची टेबलं शेजारी. मोघे पन्नाशीचे, एकटे राहणारे, दर ऑक्टोबरात आठवडाभर तिकडे जाणारे. उरलेलं वर्ष ते आम्हाला तिकडचं ऐकवत. "मागे वाळवंट, पुढे पोवळी, मध्ये आपण! अरे, निळे मासे चष्म्याला नाक लावून विचारतात, काय मोघे, बरंय ना?" बाहेर आडवा पाऊस चालू असायचा. कँटीनमधले आयरिश लोक 'स्वारी पुन्हा सुटली' अशा अर्थाने हसून म्हणत, "युअर मॅन इज ऑफ अगेन!" आणि मी डब्यातली गार पोळी चावत जळत असे. लपवायचं कशाला? अगदी करपेपर्यंत जळत असे.

आमची सुट्टी म्हणजे पुणे. दोन आठवडे, सतरा नातेवाईक, प्रत्येकाकडे पोहे. त्यात त्या हिवाळ्यात जवळच्याच मेनूथ गावातल्या आमच्या घराचे पाइप गोठले. पातेल्यात बर्फ वितळवता वितळवता बायको म्हणाली, "मोघे एकट्या जिवाची एवढी हौस करतात. आपण तर तिघं आहोत."

झालं. तेच रिसॉर्ट गाठायचं आणि परतल्यावर सोमवारी आपलाही पिवळा पट्टा मोघ्यांच्या नाकासमोर नाचवायचा, असं मी ठरवून टाकलं.

ईस्टरच्या सुट्टीत पोचलो. रिसेप्शनवरच्या माणसाने आम्हा दोघांना निळे पट्टे बांधले, आठ वर्षांच्या ओवीला पिवळा. मी म्हटलं, मलाही पिवळाच हवा.

"बाबा, द यलो वन्स आर फॉर किड्स, लाइक," ओवी लाजून पुटपुटली.

आम्ही आयर्लंडहून आलोय कळल्यावर तो माणूस खुलला. "मग मिस्टर मोघे ओळखीचे असतील! त्यांची मुलगी दुबईला आईकडे असते ना. ती त्यांना इथे भेटायला यायची. गेली दोन वर्षं आली नाही. ते मात्र येतात. पाण्यात उतरतच नाहीत. दिवसभर त्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून."

मोठ्या माणसाच्या मनगटाला मुलीचा तो पट्टा पुरणार कसा? म्हणून ती चिकटपट्टी. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आठवडाभर मासे पाहिले, सुंदर होते, पण त्या रिकाम्या खुर्चीसमोरून जाताना दरवेळी मान खाली जायची.

सोमवारी मी निळा पट्टा बाहीत कोंबून टेबलाशी बसलो.

"काय, मासे भेटले का?" मोघ्यांनी विचारलं.

"भेटले. तुमची चौकशी करत होते."

मोघे खूश झाले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "ओवीचा पट्टा कापला नाहीस ना? जपून ठेव. पुढच्या वर्षी तो तिच्या हाताला होणार नाही."